तो ‘निरुत्तर झालेला अभियंता’ मीच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुमच्या स्तंभलेखकांनी वेरूळच्या कैलास लेण्यावरच्या, ते विमानातून आलेल्या परग्रहवासीयांनी कोरलं असं सुचवणाऱ्या त्या माहितीपटाची भरपूर पाठ थोपटली आहे. ‘थरारक’, ‘विचार करायला लावणारा’ वगैरे. ज्याची त्याची आवड, माझं काही म्हणणं नाही. पण त्या लेखात एक वाक्य आहे: ‘दगडाच्या कामात हयात घालवलेला स्थानिक अभियंताही इथे निरुत्तर होतो.’ तर महोदय, तो निरुत्तर झालेला स्थानिक अभियंता म्हणजे मी. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. जेमतेम नऊ सेकंद दिसतो आणि म्हणतो, ‘हे कसं केलं असेल, काही कळत नाही.’ मग ढोल वाजतात आणि पडद्यावर आकाशगंगा येते.

हे चित्रीकरण आठ वर्षांपूर्वीचं. तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. ओळखीतून निरोप आला, म्हणून भर उन्हात दोन दिवस त्या मंडळींबरोबर फिरलो. मानधन मागितलं नाही, चहासुद्धा मीच पाजला. कॅमेऱ्यासमोर पाऊण तास बोललो. सुरुवात केली ती अशी: ‘पहिल्यांदा येणारा माणूस म्हणतो, हे कसं केलं असेल, काही कळत नाही. मग त्याला मी या भिंतीजवळ आणतो.’ त्यांनी पुढची भिंत कापली, मागचा माणूस कापला आणि मधलं वाक्य माझ्या तोंडी ठेवलं. कात्रीचं काम मात्र सफाईदार आहे. आमच्या पाथरवटांनाही इतकी सफाई जमली नसती.

परवा ते पुन्हा दाखवलं. व्याह्यांचा फोन आला, ‘अहो, तुम्हीच म्हणालात की टीव्हीवर!’ आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या पुरवणीने त्यावर शिक्का मारला.

मी भिंतीजवळ काय सांगितलं ते आता इथे सांगतो, निदान तुम्ही तरी कापू नका.

माझे वडील पाथरवट होते. जाती, पाटे-वरवंटे, उखळं, देवळाच्या पायऱ्या. मी सातवीत असताना ते मला पहिल्यांदा वेरूळला घेऊन गेले. मी हत्ती बघत होतो, कैलास हलवणारा रावण बघत होतो. दादांनी, म्हणजे वडिलांनी, त्यातलं काही बघितलं नाही. ते सरळ उत्तरेकडच्या भिंतीपाशी गेले आणि टाकीच्या, म्हणजे छिन्नीच्या, रेघांवरून अंगठा फिरवत चालू लागले. एके ठिकाणी थांबून म्हणाले, ‘ह्यो गडी डावखुरा व्हता.’ रेघांचा कल तिथे उलटा होता. आणखी चार हात पुढे गेल्यावर म्हणाले, ‘हितं टाकी बोथटली व्हती, तरी मारतच ऱ्हायला. मुकादम उभा असंल.’ तिथल्या रेघा रुंद, उथळ आणि घसरलेल्या होत्या. मग वर बघून म्हणाले, ‘समदं वरून खाली आलंय. लई शहाणी मानसं.’

पुढे मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता झालो, पूल, मोऱ्या, घाटरस्ते केले. पण दगड वाचायला मला शिकवलं ते त्या दिवसाने. डावखुऱ्या माणसाची ही गोष्ट मी कॅमेऱ्यासमोर, त्याच भिंतीवर हात ठेवून सांगितली. ध्वनी घेणाऱ्या मुलाने तर पुढे येऊन रेघांवर बोट फिरवून पाहिलं. माहितीपटात तिचा मागमूस नाही. परग्रहावरच्या मंडळींत डावखुरे नसावेत.

आता त्यांचं ते प्रसिद्ध गणित. चार लाख टन दगड, अठरा वर्षं, रोज बारा तास काम, म्हणजे तासाला पाच टन. ‘हे मानवाला शक्य आहे का?’ असं निवेदक घोगऱ्या आवाजात विचारतो आणि जाहिराती लागतात. जाहिरातींच्या वेळात मी पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला. तासाला पाच टन म्हणजे दिवसाला साठ टन. हातोडा-टाकीने एक माणूस दिवसाला साधारण चार घनफूट दगड काढतो, असं अभ्यासकांनी धरलं आहे. आपल्या काळ्या दगडाचा घनफूट ऐंशी किलोच्या घरात भरतो. म्हणजे माणशी तीनशे वीस किलो. साठ टनांना किती माणसं लागतील? एकशे नव्वदच्या आसपास! डेक्कन कॉलेजचे डॉ. मधुकर ढवळीकर यांनी दगडाचं घनफळ त्यांच्या हिशेबाने धरून हेच गणित केलं होतं. त्यांचं उत्तर होतं, २५० मजूर आणि साडेपाच वर्षं. हे गणित छापून चाळीसएक वर्षं झाली.

दगड वाहणारे वेगळे, टाक्या तापवून टोक काढून पाणी पाजणारे लोहार वेगळे, नक्षीचे कारागीर तर फारच वेगळे. बरं, हजार माणसं धरा, दोन हजार धरा. राष्ट्रकूटांना हजार-दोन हजार माणसांचं ओझं होणार होतं का? १९७२ च्या दुष्काळात आमच्याच भागात एकेका कामावर शेकडो माणसं खडी फोडत होती, तीही अर्धपोटी. शिवाय ती अठरा वर्षं आली कुठून? हे लेणं करवणारा राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याची कारकीर्द साधारण ७५६ ते ७७३, तेवढ्यातच सगळं उरकलं असं गृहीत धरून. काम त्याच्या आधीच्या दंतिदुर्ग राजाच्या वेळी सुरू झालं आणि कृष्णानंतरही चालू राहिलं असं मानणारे जाणकार आहेत. त्यांना कॅमेऱ्यासमोर कोणी बसवलं नाही. की बसवलं आणि माझ्यासारखंच कापलं, देव जाणे.

‘एवढा दगड गेला कुठे?’ हाही त्यांचा लाडका प्रश्न. आमच्या गावात एक मोठी गढी होती. माझ्या डोळ्यांदेखत वीस वर्षांत नाहीशी झाली. कुणाच्या पायात, कुणाच्या बांधात, कुणाच्या गोठ्यात. घडीव दगड खेड्यात फार दिवस बेवारस पडून राहत नाही. आणि इथे तर बाराशे वर्षं गेली आहेत.

विमानाचंच म्हणाल, तर पुरावा आहे बरं का! नवव्या शतकाच्या सुरुवातीचा बडोद्याचा ताम्रपट आहे, राष्ट्रकूटांच्याच गुजरात शाखेतल्या कर्क राजाचा. त्यात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावर कृष्णराजाने करवून घेतलेल्या देवळाचं वर्णन येतं. विमानातून जाणारे देव ते पाहून चकित झाले, माणसाच्या हातून असं घडणं शक्य नाही असं त्यांना वाटलं. आणि ज्याने ते घडवलं तो कारागीरही म्हणाला, अरे, हे मी केलं तरी कसं! म्हणजे विमानातले पाहुणे आले होते, फक्त बघायला आले होते. कामावर होता तो इथला माणूस, आणि थक्क होऊन उभा होता. आपल्याकडची जुनी गोष्टही तेच सांगते. शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा राणीचा नवस, बाकीचे कारागीर काही महिने मागतात आणि पैठणचा कोकस डोंगराच्या माथ्यावरून सुरुवात करून आठवड्यात शिखर दाखवतो. गोष्ट म्हणून ऐका. पण गोष्ट रचणाऱ्यालाही कळलं होतं की काम वरून खाली आलं आहे. वरून खाली आलं की परांची नको, शिळा वर चढवायला नको. तीन बाजूंनी चर मारायचे, मधला डोंगर मोकळा करायचा आणि उतरत यायचं. चूक मात्र करायची नाही, कारण तुटलेला दगड पुन्हा जोडता येत नाही. खरा थरार या शेवटच्या वाक्यात आहे, पण त्याला ढोल लागत नाहीत.

आणि तिथून थोड्या अंतरावर जैन लेण्यांत तिसाव्या क्रमांकाचं ‘छोटा कैलास’ आहे. याच धर्तीवर सुरू केलेलं आणि अर्धवट राहिलेलं. तिथे कॅमेरा गेला नाही. विमानाचं इंधन संपलं होतं, असं सांगावं लागलं असतं.

मी या वाहिन्यांचा शत्रू नाही. पूल, बोगदे, धरणं कशी झाली हे दाखवणारे त्यांचे कार्यक्रम मी जेवण थंड होईपर्यंत बघितले आहेत. कोकण रेल्वेच्या पेडण्याच्या बोगद्यात ओल्या मातीने अभियंत्यांना कसं जेरीस आणलं, यावर कोणी तासभर दाखवलं तर मी दोनदा बघेन. पण त्या मातीतून कोणी परग्रहवासी निघत नाही, त्यामुळे प्रायोजकही निघत नसावेत. आमच्या लोणारचंही तेच. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं, तेव्हा सगळीकडे ‘गूढ’, ‘गूढ’ सुरू होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग आहे. ते उत्तर तुम्हीही आतल्या पानावर चार ओळींत छापलं होतं. गूढ मात्र पहिल्या पानावर, रंगीत. तेव्हाही मी पत्र लिहिलं होतं. ते आलं नाही.

माहितीपटाच्या मराठी निवेदनात आमच्या काळ्या दगडाला, म्हणजे बेसाल्टला, तीनदा ‘ग्रॅनाइट’ म्हटलं आहे, हे स्तंभलेखकांना खटकलं नाही. खटकणार कसं? तुम्ही स्वतः लेखावरच्या फोटोखाली ‘अजिंठ्याचे कैलास लेणे’ असं छापलं आहे.

माझी विनंती एवढीच. त्या स्तंभाच्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत छापा की स्थानिक अभियंता निरुत्तर झालेला नाही, त्याचं उत्तर त्याच्याकडे शिल्लक आहे. स्तंभलेखकांना सवड असेल तर कधीही यावं. मंगळवार सोडून, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. डावखुऱ्याची भिंत दाखवेन, चहाही देईन.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, खुलताबाद
(नाव छापू नये. व्याह्यांकडे तुमचाच पेपर येतो.)

ता. क. त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात ‘दगड घडवणारा’ याला चार घरं दिली आहेत आणि उत्तर ‘शिल्पकार’ असं आहे. ‘पाथरवट’ बसत नाही, पाच अक्षरं होतात. मी पेनाने लिहून बसलो होतो.