लांब केसांना घरच्या घरी लेअर्स

प्रिय मीनल,

केस स्वतःच कापायचं ठरवलंयस ते उत्तम. पण "कात्री कशी धरायची" हा तुझा पहिला प्रश्न मी बराच पुढे ढकलणार आहे. लेअर्स, म्हणजे वरचे केस आखूड आणि खालचे लांब असे थर, कशा पडणार हे कात्री हातात घेण्याआधीच ठरलेलं असतं: केस ओढून कुठे आणलेस आणि तिथून किती अंतरावर कापलेस, यावर. एवढं एक डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

म्हणजे बघ. सगळे केस पुढे घेऊन कपाळापाशी, जिथे केस सुरू होतात त्या रेषेच्या मधोमध, एकच पोनी बांधली. कपाळावरच्या केसांना रबरापर्यंत यायला काही अंतरच पडत नाही. भोवऱ्यापाशी उगवलेल्या केसांना साधारण १६-१७ सेंटिमीटर यावं लागतं, आणि मानेवरच्या सगळ्यात खालच्या केसांना ३० ते ३५. आता रबरापासून ३५ सेंटिमीटरवर कापलंस तर कपाळावरचा केस ३५ राहतो, भोवऱ्याचा ५०-५२, आणि मानेचा ६५ च्या पुढे. तुझे मानेपासून खाली लोंबणारे केस ६० सेंटिमीटर असतील तर ते कात्रीपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून लांबी जराही न जाता लेअर्स पडतात. हेच २० वर कापलंस तर पुढची बट हनुवटीशी येते आणि मागून ७-८ सेंटिमीटर लांबीही जाते. पण हे आकडे माझ्या डोक्याचे, तुला तुझ्या डोक्याचे हवेत. शिवणाची टेप घे, कपाळापासून डोक्यावरून मानेपर्यंत मोज, आणि भोवऱ्यापर्यंतचं अंतर वेगळं लिहून ठेव.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर कापल्यावर घाबरशील. एकसारख्या लांबीचे दिसणारे केस प्रत्यक्षात एकसारखे नसतात. सगळ्यांची टोकं कमरेशी एका रेषेत असली तरी कपाळावरचा केस वरून निघालेला असतो, त्यामुळे तो मानेवरच्या केसापेक्षा २० सेंटिमीटर तरी जास्त लांब असतो. म्हणून पहिल्यांदा लेअर्स कापताना हातात येणारा झुबका चांगलाच मोठा असतो. तो पुढच्या आणि वरच्या केसांचा असतो. मागची लांबी जागेवरच असते.

तेव्हा ठरवायचं ते एकच: सगळ्यात आखूड बट कुठे यायला हवी. टेपचं टोक कपाळाच्या रेषेवर धर आणि गालावरून खाली सोड. हनुवटीपर्यंत साधारण १८-२०, गळ्याच्या हाडापर्यंत २८-३० भरेल. तू रोज केस बांधतेस, म्हणून आणखी एक माप घे. कपाळापासून कानावरून मागे, जिथे रबर लावतेस तिथपर्यंत. त्यात ७-८ सेंटिमीटर मिळव. आखूड बट त्याहून कमी ठेवलीस तर ती रबरात मावणार नाही आणि दिवसभर तोंडावर येत राहील. वेणीचं तर विचारूच नकोस, लेअर्स जितक्या आखूड तितकी ती जागोजाग पिंजारते. माझं मत विचारशील तर पहिल्या खेपेला ४५. फार फरक दिसला नाही तर महिन्याभरानं पुन्हा कापता येतं. उलटं करायचं झालं तर केस महिन्याला जेमतेम १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, हिशोब तूच कर.

पोनीची जागा बदलली की आकारही बदलतो, तोही याच नियमानं. कपाळाच्या रेषेवर बांधलीस तर चेहऱ्याभोवती उतार जास्त येतो. तीन-चार बोटं मागे सरकवलीस तर तो उतार सौम्य होतो. थेट भोवऱ्यावर बांधलीस तर भोवऱ्याचे केस सगळ्यात आखूड होतात आणि पुढचे-मागचे दोन्ही त्याहून लांब राहतात; वरून फुगीरपणा येतो, पण चेहऱ्यालगत फारसं काही घडत नाही. ज्यांचा भोवरा जोरकस आहे त्यांनी हा प्रकार जपून करावा, तिथले आखूड केस ताठ उभे राहतात. केस फार दाट असतील, एका रबरात मावत नसतील, तर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आडवा भांग पाडून दोन पोनी घाल, पुढची कपाळाशी आणि मागची भोवऱ्याशी. पण मग दोन्हींच्या सांध्यावर फट दिसू शकते, ती नंतर जुळवावी लागते. तुझे केस मध्यम आहेत, एकच पुरे.

आता सामान. केस कापायची ५.५ किंवा ६ इंची कात्री हवीच, यात तडजोड नको. स्वयंपाकघरातली किंवा कागदाची कात्री केस कापण्याआधी त्यांना पुढे ढकलते. पात्यांमधून केस निसटतात, वाकतात, टोकं चेंगरतात, आणि चेंगरलेलं टोक लवकर दुभंगतं. बाकी एक मोठ्या दातांचा कंगवा, एक बारीक, केस न अडकणारी ३-४ रबरं, दोन-तीन चाप, टेप, हातातला एक आरसा. अंगात गुळगुळीत कापडाचं काहीतरी घाल, लोकरीत नि टॉवेलात केसांचे बारीक तुकडे रुतून बसतात.

केस आदल्या दिवशी धुतलेले, तेल न लावलेले आणि कोरडे असू देत. ओला केस ताणला जातो, आणि वाळला की पुन्हा आखडतो. ओले असताना गळ्याच्या हाडाशी कापलेली बट वाळल्यावर वर चढलेली दिसते ती यामुळेच. सरळ केसांत हा फरक थोडा असतो, कुरळ्यात भलताच. पार्लरमध्ये ओले कापतात, कारण ओले केस बोटांत नीट धरता येतात आणि किती आखडतील याचा अंदाज त्यांच्या हाताला असतो.

खालची कड सरळ करायची असेल तर ती लेअर्सच्या आधी. तिथेही तोच नियम: केस दोन भाग करून खांद्यावरून पुढे घेऊन कापलेस तर पाठीच्या मधले केस लांबून आलेले असतात, म्हणून मागे टोकदार आकार येतो. तो आवडत असेल तर छानच.

पोनी बांधणं हे यातलं सगळ्यात निगुतीचं काम आहे, घाई इथे अजिबात करू नकोस. रोजचा भांग मोडून टाक. कमरेतून वाक, डोकं खाली सोड, आणि मानेपासून पुढच्या दिशेनं मोठ्या कंगव्यानं सगळा गुंता काढ. मग बारीक कंगव्यानं पुन्हा एकदा. केस कपाळाशी एका मुठीत घे आणि तसंच धरून सरळ उभी राहा. आता आरशात बघ. मानेवरचे आणि कानामागचे केस हमखास ढिले पडलेले असतात, वर फुगे दिसतात. फुगा म्हणजे तेवढा केस वाटेतच अडकलेला, आणि जितका अडकला तितका तो शेवटी लांब राहणार. कंगवा फिरवून फुगे घालव, मगच रबर लाव, अगदी कातडीलगत. मूठ नाकाच्या रेषेत आहे ना? एखादा सेंटिमीटरही डावीकडे सरकली तर डावीकडचे केस आखूड होतात नि उजवीकडचे लांब. मान तिरकी धरायची सवय असेल तर हे आपल्याला आरशात दिसत नाही, म्हणून बोटांनी चाचपून बघ: दोन्ही कानांपासून रबरापर्यंतचं अंतर टेपनं मोजलं की नेमकं कळतं.

दुसरं रबर पहिल्याच्या पुढे, ठरलेल्या मापापेक्षा दोन सेंटिमीटर अलीकडे सरकवत ने, म्हणजे ४५ ठरवलं असेल तर ४३ वर. सरकवताना पोनीला पीळ पडू देऊ नकोस. पिळलेल्या पोनीत बाहेरच्या बटा वळसे घेऊन येतात, त्यामुळे सोडल्यावर लांबी कुठेही कशीही निघते. दुसरं रबर चारही बाजूंनी सारख्या अंतरावर आहे का ते टेप लावून बघ, ते खालच्या बाजूला घसरतं. पोनी धरायची कपाळातून सरळ समोर, नाकावर ओढून घ्यायची नाही.

आता कात्री. अंगठा एका कडीत, अनामिका दुसरीत, आणि हलवायचा फक्त अंगठा. खालचं पातं स्थिर राहिलं पाहिजे. सगळी पोनी एका दमात कापायचा मोह होईल. जाड झुबक्यावर पाती मिटली की पहिले केस कापले जातात आणि उरलेले टोकाकडे सरकत जातात, त्यामुळे कड तिरकी येते. पोनीचे चार-पाच भाग कर, एकेक भाग बोटांच्या चिमटीत चपटा धर, आणि ठरलेल्या मापापेक्षा दोन सेंटिमीटर पुढेच काप. मग टोकं मोकळी करायची: कात्री केसांना जवळजवळ समांतर धर, टोकाकडून आत एक-दीड सेंटिमीटरपर्यंत बारीक बारीक चिरा घाल, दर खेपेला जागा थोडी बदलून. आडवी कापलेली कड सोडल्यावर रेघ होऊन दिसते. या चिरांनी ती विरघळते. विरळ करायची दातेरी कात्री मात्र लांबच ठेव. ती लांब केसांच्या मधेच आखूड खुंट सोडते, आणि ते खुंट वाढताना इतर केसांतून बाहेर डोकावतात.

रबरं काढ, केस झटक, रोजचा भांग पाड. आता तपासणी. पुढच्या दोन बटा, डावी नि उजवी, दोन्ही हातांच्या बोटांत धरून एकाच वेळी खाली ओढत आण. बोटं एकाच उंचीवर संपतात का बघ. अर्ध्या-एक सेंटिमीटरचा फरक असेल तर सोडून दे, चालण्या-बोलण्यात तो कुणाला दिसत नाही. त्याहून जास्त असेल तर लांब बाजूच काप, तीही आधी निम्म्या फरकाइतकी. दोन्हीकडून थोडं थोडं कापत बसणारीचे केस खांद्यापर्यंत येतात.

सगळ्यात जास्त बिघडतं ते म्हणजे पायरी. वरचा थर एका ठिकाणी थांबतो आणि खालून विरळ केस वेगळेच लोंबताना दिसतात. आखूड आणि लांब यांत अंतर फार झालं, किंवा केस मुळातच पातळ असले, की ही पायरी पडते. ती घालवायला पायरीच्या जागची २-३ सेंटिमीटर रुंदीची उभी बट घे, वरच्या आणि खालच्या दोन्ही थरांची मिळून. ती डोक्यापासून सरळ बाहेर, काटकोनात ओढ. बोटांत धरलेल्या टोकांना एक कोपरा दिसेल, तेवढाच चिरा घालून उडव. पुढची बट घेताना आधीच्या बटेतले थोडे केस त्यात राहू देत, माप म्हणून. मागच्या बाजूला हे स्वतःच करायला जाऊ नकोस. दोन आरशांत हात उलटा चालतो आणि केस काटकोनात धरलेत की नाही ते कळत नाही. तिथे कुणाचातरी हात लागतोच.

तुझ्या बहिणीनं विचारलंय म्हणून तिच्यासाठी दोन ओळी. तिचे केस पातळ असतील तर आखूड बट गळ्याच्या हाडाच्या वर नको. लेअर्स म्हणजे खालच्या टोकांतली दाटी कमी करणं, आणि मुळात दाटी नसेल तर खाली उंदराची शेपटी उरते. केस कुरळे असतील तर ही पोनीची पद्धतच नको. कुरळे केस डोक्याच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे आखडतात, म्हणून ओढून एकसारखे कापले तरी सोडल्यावर वरखाली होतात. ते कोरडे, जसे पडतात तसेच, एकेक वळी बघून कापायचे. आणि आधीच्या लेअर्स वाढत असतील, तर त्या दुसऱ्या रबरापर्यंत पोचतात का ते बघायला सांग. न पोचणाऱ्या बटा कापल्याच जात नाहीत, आणि मग आकार जुन्या-नव्याची खिचडी होतो.

पहिल्या दिवशी फार दुरुस्त्या करू नकोस. एकदा धुऊन, वाळवून, नेहमीसारखे बांधून-सोडून बघ. पोनीच्या ताणानं केसांची मुळं एका दिशेला वळलेली असतात, ती दोन दिवसांत बसतात, आणि वाकडं वाटणारं बरंचसं तेव्हा सरळ दिसायला लागतं.

मापं घेतलीस की तीन आकडे कळव: कपाळ ते भोवरा, कपाळ ते मान, आणि मानेपासून खाली लांबी. ४५ बरोबर की ५० ते मी सांगते.

तुझीच,
शमा

ता. क. रबर कुठे लावलं होतं आणि किती सेंटिमीटरवर कापलं ते कुठेतरी लिहून ठेव, पुढच्या वेळी तेच माप घेता येईल. आणि कात्री धुऊ नकोस. कोरड्या फडक्यानं पुसून स्क्रूवर तेलाचा एक थेंब सोड, आणि घरात कुणी तिनं पाकीट फोडणार नाही अशा ठिकाणी ठेव.