स्पिनोझा म्हणजे अद्वैत, असं सरसकट म्हणू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी पुरवणीत सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ स्पिनोझा याच्यावरचा लेख वाचला, मराठी पेपरात हे नाव बघून फार बरं वाटलं, पण त्यात स्पिनोझाने शंकराचार्यांचंच अद्वैत युरोपात सांगितलं असं होतं, ते वाचून राहवलं नाही.

मी शाळेत भूमिती शिकवायचे. रिटायर झाल्यावर स्पिनोझाचं 'एथिक्स' हे पुस्तक हातात घेतलं कारण ते भूमितीसारखंच लिहिलंय, आधी व्याख्या, गृहीतकं आणि मग प्रमेयं. त्यातली द्रव्याची व्याख्या आली त्याच्या आधीचा फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्याकडून. देकार्त १६४४ साली लिहितो की द्रव्य म्हणजे ज्याला असण्यासाठी दुसऱ्या कशाचीही गरज नाही, आणि लगेच कबूलही करतो की असा फक्त देवच. पण मन आणि शरीर यांना देवाशिवाय दुसरं काही लागत नाही ना, मग त्यांनाही द्रव्य म्हणा, अशी सूट देतो. ती सूट त्याला महागात पडली असं मला वाटतं, कारण मनाचा गुण विचार, शरीराचा गुण जागा व्यापणं, दोघांत सामाईक काहीच नाही, मग मी ठरवल्यावर माझा हात उचलला जातो तो कसा? बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्येच त्याला पत्रातून हे विचारलं होतं आणि त्याला धड उत्तर देता आलं नाही.

स्पिनोझाने ती सूटच काढून टाकली. द्रव्य एकच, देव म्हणा नाहीतर निसर्ग म्हणा, आणि विचार व विस्तार (म्हणजे जागा व्यापणं) हे दोन्ही त्याचेच गुण. १६७७ मध्ये तो गेला आणि त्यानंतर पुस्तक छापलं गेलं. म्हणजे हा सगळा रस्ता देकार्तच्या व्याख्येतून निघालाय.

आणि मुख्य फरक पुढेच आहे. शांकर मतात दोरीवर साप भासतो तसं जग ब्रह्मावर भासतं, ज्ञान झालं की साप गेला. स्पिनोझाकडे साप जात नाही हो! तुम्ही, मी, मुठेचं पाणी, हे सगळे त्या एका द्रव्याचे प्रकार आहेत आणि खरे आहेत, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोन येते तितक्याच अटळपणे त्यातून निघालेले. तुलना करायचीच तर आपल्या ज्ञानेश्वरांशी करा की, अमृतानुभवात त्यांनी अज्ञानाचं खंडन केलंय आणि जग हा चैतन्याचाच विलास म्हटलाय, ते जास्त जवळचं. अर्थात तिथेही चैतन्य वरचढ आहे, स्पिनोझाकडे जागा व्यापणं हा गुण विचाराच्या अगदी बरोबरीचा, आणि त्या काळात देवाला विस्तार आहे म्हणणं केवढं धाडसाचं होतं!

लेखकांना एवढंच सांगा की पहिल्या भागातली सहावी व्याख्या परत वाचा. त्यात देव म्हणजे अनंत गुण असलेलं द्रव्य असं स्पष्ट लिहिलंय, आणि शंकराचार्यांचं ब्रह्म तर निर्गुण आहे.

आपली,
एक जुनी वाचक
एरंडवणे, पुणे