सुनीलच्या बदलीबद्दल

शहापूर, बेळगाव

प्रिय सुनील,

पत्र मिळालं. कंपनी तुला सेल्समधून काढून मुंबईला प्लॅनिंगमध्ये बसवतेय आणि तू म्हणतोस, अडगळीत टाकलं. मला तसं अजिबात वाटत नाही बघ.

इंद्रा नूयीचं घे की. पेप्सिकोची बाई म्हणून सगळं जग ओळखतं, पण 1994 मध्ये ती तिथं शिरली ती स्ट्रॅटेजीच्या, म्हणजे पुढची आखणी करणाऱ्या खात्यात, बाटल्या खपवायला नव्हे. मद्रास, कलकत्त्याचं आयआयएम, येल, तिथं खर्चासाठी केलेली रात्रपाळी हे सगळं पेपरात येऊन गेलंय, ते सोड.

तेव्हा पिझ्झा हट, केएफसी, टॅको बेल पेप्सिकोकडंच होती. हॉटेल म्हटलं की जागा आली, भट्ट्या आल्या, नोकरमाणसं आली. पैसा अडकून पडतो. शिवाय दुसरे हॉटेलवाले म्हणणार, तुम्ही आमचेच प्रतिस्पर्धी, मग तुमचं पेय आम्ही का ठेवायचं? 1997 मध्ये ती हॉटेलं वेगळी काढली. दुसऱ्या वर्षी 3.3 अब्ज डॉलर मोजून ट्रॉपिकाना ही फळांच्या रसाची कंपनी घेतली आणि 2001 मध्ये क्वेकर ओट्स. तिथं खरा डोळा ओट्सवर नव्हताच, त्यांच्या गेटोरेड या खेळाडूंच्या पेयावर होता. या सगळ्या उलाढालीत बाईचा मोठा हात. टेबलावर बसूनच केलं ना हे?

2006 मध्ये ती सीईओ झाली. मालाचे तीन गट पाडले: मजेचा, त्यातल्या त्यात बरा आणि खरोखर पौष्टिक. साखर-मीठ कमी करायच्या मागं लागली. शेअरवाले कुरकुरले. नेल्सन पेल्ट्झ नावाचा गुंतवणूकदार तर वेफर्स आणि पेयं यांच्या दोन कंपन्या करा म्हणून हटून बसला. तिनं ऐकलं नाही. 2006 मध्ये 35 अब्ज डॉलरची विक्री होती, ती 2017 मध्ये 63.5 अब्जांवर गेली. आता गल्ला भरत होता तो मुख्यतः मजेच्या मालावरच, हे खरं. पण कुंदा विकणाऱ्या माझ्यासारख्यानं साखरेवर किती बोलावं!

टेबलावरून शेत दिसत नाही, हेही तितकंच खरं. 2018 मध्ये तिनं पद सोडलं. पुढच्याच वर्षी कंपनीनं गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर एफसी-5 या आपल्या नावावर नोंदवलेल्या वाणाची विनापरवाना लागवड केली म्हणून खटले घातले आणि बोंब उठल्यावर मागं घेतले. आपल्याकडंही बटाटा पिकतो, त्यामुळं इथं दुकानात ती बातमी बरीच चघळली गेली.

म्हणूनच तू त्या टेबलावर असायला पाहिजेस. खडेबाजारात डिस्ट्रिब्युटरच्या टेम्पोतून पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा काढून द्यायचास, तेव्हा दुकानदार अंगावर यायचा, ‘आधी मागचा एक्स्पायरी माल उचल, मग बिल काढ.’ कोणता माल कुठं पडून राहतो हे तुला तिथं कळलं. ते मुंबईच्या पोरांना कोण सांगणार?

फक्त हो म्हणण्याआधी एक विचारून घे. कुठला माल बंद करायचा, कुठल्या मालावर पैसा लावायचा, यात तुझं मत धरणार का, की नुसते तक्ते भरून घेणार? तक्तेच भरायचे असतील तर सरळ नाही म्हण आणि सेल्समध्येच राहा. काय ठरतंय ते कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अशोक