पाणबुडीचा शोध आणि देवमासे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, ट्रॅफिक पार्कच्या कट्ट्यावर ‘आधी देश की आधी देवमासा’ असा वाद रंगलाय, असं आई फोनवर सांगत होती. म्हणजे पाणबुड्या शोधायला नौदल जे सोनार (पाण्यातल्या आवाजावरून वस्तू शोधणारं यंत्र) वापरतं, त्याने देवमाशांचा जीव जात असेल तर ते वापरावं का, हा. मला विचाराल तर सगळी मेख जहाज आणि देवमासा यांच्यातल्या अंतरात आहे.

नुसतं ऐकणाऱ्या सोनारचा कुणाला त्रास नाही. पण डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी बॅटरीवर चालली की ती ऐकून सापडत नाही. मग जहाजाला स्वतः ‘पिंग’ सोडून प्रतिध्वनी पकडावा लागतो. अमेरिकी विनाशिकांवरचं एसक्यूएस-५३सी हे सोनार साधारण ३ किलोहर्ट्झचा आवाज सोडतं, एक मीटरवर २३५ डेसिबल. (हवेतल्या डेसिबलशी ताडायचं तर सुमारे ६२ वजा करा. तरीही १७३ उरतात!)

मोकळ्या पाण्यात अंतर दहापट वाढलं की आवाज सुमारे २० डेसिबलने उतरतो. म्हणजे १ किमीवर १७५, १० किमीवर १५५. बहामा बेटांजवळच्या अमेरिकी नौदलाच्या चाचणी क्षेत्रात बीक्ड व्हेल (चोचीसारख्या तोंडाचे देवमासे) १४० च्या आसपासच शिकार सोडून निघून गेल्या आणि दोन-तीन दिवसांनी परतल्या. आता अमेरिकी नौदलाचा जुना नियम बघा: देवमासा १,००० यार्डांत दिसला तर ६ डेसिबल कमी, ५०० यार्डांत १० कमी, २०० यार्डांत बंद. पण २०० यार्डांवर आवाज १९० च्या घरात असतो! शिवाय हा प्राणी तासभर खोल पाण्यात असतो, वर येतो तो काही मिनिटं. रात्री, लाटांत डेकवरच्या टेहळ्याला काय दिसणार? तिथल्या खालच्या कोर्टाने २,२०० यार्डांवर सोनार बंद करायला सांगितलं होतं. २००८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ती अट उठवली.

आई, तू विचारलं होतंस की कान फाटून मरतात का. तसं दिसत नाही. घाबरून बुडी मारण्याची लय बिघडते आणि पाणबुड्या माणसांना होतो तसा रक्तात वायूचे बुडबुडे होण्याचा प्रकार घडत असावा. २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नाटोच्या सरावावेळी १४ बीक्ड व्हेल किनाऱ्याला लागल्या. तपासलेल्यांच्या ऊतींत तसेच बुडबुडे सापडले. स्पेनने २००४ मध्ये त्या बेटांभोवती सोनार बंद केलं आणि नंतर तिथे असं सामूहिक मरण दिसलं नाही.

म्हणून माझं मत: टेहळे वाढवण्यापेक्षा सरावाची जागा बदला, बीक्ड व्हेल जिथे वावरतात त्या खोल दऱ्या आणि तीव्र उताराचा समुद्रतळ टाळा. पेंचच्या जंगलाचा कोअर (गाभा) पावसाळ्यात बंद असतो, म्हणून कुणी सफारी बुडाली म्हणत नाही.

एका मुद्द्यावर मात्र बाबा, तुमचं बरोबर आहे: काही ठिकाणचा सराव टाळून चालत नाही. वाऱ्याने ढवळलेल्या वरच्या थरात आवाज अडकून लांबवर जातो, वरचा हिशेबही तिथे कोलमडतो. २००० मध्ये बहामाला देवमासे किनाऱ्याला लागले, तेव्हा हेच झालं. पण पाणबुडी नेमका याच थराचा फायदा घेऊन खाली लपते. तिथे सराव नको म्हणणं मलाही जड जातं.

तुमची,
लेक