शहराकडे थकलेलं शेणखत : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस स. न. वि. वि.

द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीआधी बोद, म्हणजे वेलींच्या ओळीखालचे मातीचे उंचवटे, फोडले आणि भरायला शेणखत मिळेना. तीन गावं फिरलो. ज्याच्या गोठ्यात चार जनावरं आहेत त्याला स्वतःच्याच रानाला पुरत नाही, तो मला कुठून देणार? शेवटी एका ठिकाणाहून शहरी कचऱ्याचं कंपोस्ट ट्रॉलीभर आणलं. काळंभोर, हाताला भुसभुशीत, वास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा. मन निवलं. बोदात भरायला घेतलं तेव्हा मात्र पाटीतून काचेच्या बांगड्यांचे तुकडे, गोळ्यांच्या पाकिटांचा चंदेरी कागद आणि शाम्पूच्या पुड्या निघू लागल्या. खत पसरणाऱ्या मावशींच्या तळव्यात काच घुसली. चिंधी गुंडाळून त्या पुन्हा पाटी उचलायला निघाल्या, तेव्हा मीच काम थांबवलं. तो ढीग अजून बांधावर पडून आहे.

साहेब, ही तक्रार एका ट्रॉलीपुरती असती तर आपल्याला त्रास दिला नसता. शहर शेतमाल नेतं आणि बदल्यात खत देतं, हा जुना व्यवहार मोडला आहे. तो केव्हा मोडला ते शोधताना मी मोटारगाडीच्या सुरुवातीच्या काळापर्यंत जाऊन पोचलो.

आपल्या नाशिकलाही घोड्यांची ट्राम होती. १८८९ मध्ये सुरू झालेली, मेनरोडवरून थेट नाशिकरोड स्टेशनापर्यंत, डब्यांना चार घोडे जुंपलेले. पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे नावाजलेले एव्हरार्ड कॅलथ्रॉप तिचे सल्लागार अभियंता होते. १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ती बंद पडली. त्या काळात जगभर हेच चाललं होतं. लंडनची शेवटची घोडाबस १९१४ मध्ये थांबली, न्यूयॉर्कची शेवटची घोडाट्राम १९१७ मध्ये. एक घोडा दिवसाला सात ते चौदा किलो लीद टाकतो, आणि अशा शहरांत घोडे हजारोंनी होते. रस्त्यावर घाण, माशा, रोगराई. मोटार आली तेव्हा लोकांना हायसं वाटलं, आणि वाटायलाच हवं होतं.

पण त्या लिदीवर कोणी तरी जगत होतं. पॅरिसभोवतीचे भाजीपाला पिकवणारे माळी तबेल्यांमधली ताजी लीद गाड्या भरभरून आणायचे आणि तिचे जाड थर रचून वर मातीचा वाफा करायचे. लीद कुजताना जी ऊब सुटते तिच्यावर ऐन हिवाळ्यात सॅलड, मुळे, गाजरं निघायची आणि त्याच शहरात विकली जायची. घोडे गेले, तसा त्या वाफ्यांचा आधारच गेला. माळ्यांची कला होती तिथेच होती, खत मात्र यायचं थांबलं.

१९१३ हे साल मला विसरता येत नाही. त्या वर्षी हेन्री फोर्डच्या कारखान्यात मोटारी सरकत्या साखळीवर जोडल्या जाऊ लागल्या आणि गाडी साध्या माणसाच्या आवाक्यात यायला लागली. त्याच वर्षी जर्मनीत ओप्पाऊ इथे हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया, म्हणजे रासायनिक खताचा कच्चा माल, करणारा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. एकीकडे जनावर हटलं, दुसरीकडे गोणीतल्या खताची वाट उघडली. पुढे १९२१ मध्ये याच फोर्डने अलाबामातल्या मसल शोल्स इथले सरकारी नायट्रेट कारखाने मागितले आणि शेतकऱ्यांना स्वस्त खत देण्याचं वचन दिलं. कितीतरी शेतकरी त्याच्या मागे उभे राहिले. अमेरिकेच्या संसदेत वाद चालत राहिला आणि १९२४ मध्ये त्याने प्रस्ताव मागे घेतला.

आमच्या घरात तोच बदल नव्वद वर्षांनी आला. २००३ मध्ये वडिलांनी ट्रॅक्टर घेतला आणि बैलजोडी विकली. दावणीला गाय राहिली, तीही आईच्या हट्टाने. उकिरड्याचा खड्डा बुजवून तिथे कांद्याची चाळ उभारली. ट्रॅक्टर नको होता असं मी कधीच म्हणणार नाही, त्याने वडिलांच्या पाठीचा कणा वाचवला. पण ट्रॅक्टर शेण टाकत नाही, हा हिशेब तेव्हा कोणी मांडला नाही, आम्हीही नाही.

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्यात नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के, म्हणजे पावणेएकवीस किलोच्या आसपास. तेवढं नत्र शेणखतातून द्यायचं तर चार टन लागतं. मजुरी आणि भाडं धरलं की शेतकरी गोणीकडे का वळतो ते सांगायला नको. मात्र जमीन भुसभुशीत ठेवणारा, कुजलेल्या पाल्या-शेणातून येणारा सेंद्रिय कर्ब गोणीत नसतो. माती परीक्षणात कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली गेला की जमीन ‘कमी’ वर्गात धरतात, आणि माझ्या अहवालावर तोच शेरा आहे. पाणी दिलं की जमीन आवळते, चार दिवसांनी भेगाळते.

ही भरपाई करण्याची सोय कायद्यात केली होती, म्हणून तर जीव जास्त जळतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत स्पष्ट म्हटलं होतं की खत कंपन्यांनी रासायनिक खताच्या सहा-सात गोण्यांमागे तीन-चार गोण्या शहरी कंपोस्ट विकावं. त्याच वर्षी केंद्राने या कंपोस्टला टनामागे १५०० रुपये साहाय्य जाहीर केलं, पुढे ते थांबलं. आमच्याकडे दुकानात युरियाबरोबर काय गळ्यात मारतात? कुठली तरी टॉनिकची बाटली. या ‘लिंकिंग’वर, म्हणजे खतासोबत दुसरा माल सक्तीने विकण्यावर, आपलं खातं कारवाईचे इशारे देतं, पण गोणीसोबत जे यायला हवं होतं ते कंपोस्ट मी तालुक्यातल्या एकाही कृषी सेवा केंद्राच्या फळीवर पाहिलेलं नाही.

खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टची मानकंही आहेत. सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के हवा, ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून पडायला हवा, शिसं किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या वर नको. माझ्या बांधावरचा ढीग पहिल्याच चाळणीला अडकेल. नाशिकमध्ये खत तपासणीची शासकीय प्रयोगशाळा आहे. प्रत्येक लॉटचा नमुना तिथे जावा आणि अहवाल गोणीवर छापावा, मग आम्ही डोळे मिटून घेऊ.

सुरुवात सगळ्या शहराच्या कचऱ्यापासून नको. पंचवटीच्या बाजार समितीतले लिलाव उरकले की मागे काय राहतं ते एकदा उभं राहून बघा. कोबीची पानं, मेथी-कोथिंबिरीच्या खराब जुड्या, सडके टोमॅटो. हे सगळं आमच्याच रानातून गेलेलं असतं, आणि त्यात काच नसते. तेवढंच वेगळं उचलून, कुजवून, चाळून परत पाठवा. शहरात कांदा घेऊन जाणाऱ्या गाड्या रिकाम्या परततात, त्यांच्या परतीच्या भाड्याचा भार शासनाने उचलावा.

२०२७ चा सिंहस्थ दारात आहे. लाखो माणसं जेवतील, गोदाकाठी फुलांचे आणि पत्रावळ्यांचे डोंगर साचतील. रस्ते आणि घाट यांच्या बैठका होत आहेत. त्यांपैकी एका बैठकीत या ओल्या कचऱ्याचं काय होणार हा विषय आपण घ्यावा आणि त्या टेबलाशी महापालिकेबरोबर कृषी खात्याचा अधिकारीही बसवावा, एवढी विनंती आहे. एप्रिलमधल्या खरड छाटणीपूर्वी निर्णय झाला तर पुढच्या ऑक्टोबरात बोद भरायला माल हाती असेल.

बांधावरचा ढीग मी उचललेला नाही. आपण किंवा आपले अधिकारी आले तर चाळण तयार ठेवली आहे.

आपला,
निफाड तालुक्यातील एक द्राक्ष व कांदा उत्पादक