ओटावाचा फुटबॉल म्हणजे कुणाची कॉपी नाही

मा. संपादक, स.न.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जगभरातल्या फुटबॉलवर लेख होता, त्यात कॅनडाच्या खेळाला एका ओळीत 'अमेरिकन फुटबॉलची कॉपी' म्हणून मोकळं केलंय, ते वाचून खरंच वाईट वाटलं. मी बरीच वर्षं कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, राहतोय म्हणून लिहितोय. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, तर लंबगोल बॉल हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा. इथे एका टीमचे १२ जण मैदानात असतात आणि दहा यार्ड पुढे जायला तीनच चान्स मिळतात, अमेरिकेत ११ जण आणि चार चान्स. एक चान्स कमी म्हटल्यावर लांब पास टाकावेच लागतात आणि सगळा खेळच बदलतो.

आता ओटावाचं सांगतो. रफ रायडर्स हा इथला क्लब १८७६ चा, आधी हौशी, मग प्रोफेशनल झाला. १९६८ आणि ६९, लागोपाठ दोन वर्षं ग्रे कप, म्हणजे कॅनडाच्या लीगचं विजेतेपद, जिंकलं, आणि तेव्हाचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) रस जॅक्सन सीझन नसताना शाळेत शिकवायचा! मग १९७६ ची फायनल, समोर कॅनडातल्याच सस्कॅचवान प्रांताची टीम, तिचंही नाव रफरायडर्सच. फक्त २० सेकंद उरलेले, ओटावा चार पॉइंटनी मागे, टॉम क्लेमेंट्सने पास टाकला, टोनी गॅब्रिएलने तो एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, जिथे बॉल नेला की टचडाउन, म्हणजे मोठे पॉइंट मिळतात) पकडला आणि मॅच २३-२० अशी फिरली. आमच्या शेजारचे आजोबा अजून हे सांगताना खुर्चीतून उठून दोन्ही हात छातीशी घट्ट धरून दाखवतात.

त्यानंतर मात्र उतरती कळा. १९८१ च्या फायनलला एडमंटनविरुद्ध हाफटाइमला २०-१ पुढे असून हरले. पैशाची ओढाताण चालूच होती, शेवटी १९९६ मध्ये १२० वर्षांचा क्लब बंद झाला. २००२ ला रेनेगेड्स ही नवी टीम आली, ती चार सीझनमध्ये गेली. मग आठ वर्षं काहीच नाही.

२०१४ ला रेडब्लॅक्स ही आताची टीम आली. जुनं नाव सस्कॅचवानच्या विरोधामुळे मिळालं नाही, म्हणून जुन्या रंगांचंच नाव केलं, लाल-काळा. पहिल्या वर्षी १८ पैकी २ मॅच जिंकल्या, आणि २०१६ ला ४१ वर्षांचा क्वार्टरबॅक हेन्री बरिस याच्या जोरावर टीमने कॅलगरीला ओव्हरटाइममध्ये ३९-३३ हरवून कप आणला, बरोबर ४० वर्षांनी!

लॅन्सडाउनला, म्हणजे इथल्या स्टेडियमवर, मॅच बघायला गेलात तर टचडाउन झाल्या झाल्या चेनसॉचा आवाज येतो. चेकच्या शर्टातले लाकूडतोडे मैदानाच्या कडेला खऱ्या ओंडक्याची चकती कापतात आणि उचलून लोकांना दाखवतात. हे शहर लाकडाच्या धंद्यावर वाढलं त्याची ती आठवण. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा मुलगा खांद्यावर बसून त्या चकतीकडे बघत होता, बाजूला एक आजी जुनी रफ रायडर्सची टोपी घालून रडत होत्या. याला कॉपी कसं म्हणणार, सांगा?

पुढच्या पुरवणीत एवढी एक ओळ दुरुस्त करून छापावी ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ओटावा