अलार्म वाजला होता का, हेही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

कारखान्याला आग लागल्याची बातमी आली की शेवटी एक ओळ ठरलेलीच असते, 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज'. मी मेंटेनन्समध्ये पॅनलवर, म्हणजे कारखान्यात वीज वाटणाऱ्या मोठ्या कपाटांवर काम करतो आणि ही ओळ वाचली की दरवेळी वाटतं, त्या पॅनलमध्ये टेम्परेचरचा अलार्म होता का, आणि होता तर वाजला का, हे कोणी विचारलं असेल का. कारण पॅनल एका मिनिटात पेटत नाही हो, बऱ्याचदा एखादा सैल जॉइंट आधी कितीतरी दिवस तापत असतो.

आता लोकांना वाटतं की एवढा महागडा एनर्जी मीटर बसवलाय, करंट, व्होल्टेज, युनिट सगळं दाखवतो, काही बिघडलं तर त्याला कळेलच. पण नाही कळत. साधा हिशोब बघा, बसबारच्या, म्हणजे पॅनलमधल्या करंट वाहणाऱ्या जाड पट्टीच्या जॉइंटमधून ५०० अँपिअर जातोय आणि जॉइंट सैल होऊन तिथे फक्त १ मिलिओहम रेझिस्टन्स तयार झाला, तर व्होल्टेज पडणार अर्धा व्होल्ट, जो मीटरवर कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण उष्णता तयार होणार २५० वॅट, आणि तीसुद्धा एका नट-बोल्टच्या जागेत. नीट कसलेल्या जॉइंटचा रेझिस्टन्स काही मायक्रोओहम असतो, तिथे हीच उष्णता दोन-चार वॅट. म्हणजे फरक फक्त टेम्परेचरमध्येच दिसतो, आणि त्यासाठीच काही मीटरला टेम्परेचर सेन्सरचे टर्मिनल आणि अलार्म रिले, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की उचलला जाणारा स्विच, दिलेले असतात. बहुतेक ठिकाणी मी ते टर्मिनल रिकामेच बघितलेत. काही मीटर स्क्रीनवर एक टेम्परेचर आपोआप दाखवतात, ते मीटरच्या पोटातलं असतं, बसबारचं नाही, त्यावर भरवसा ठेवू नका.

माझ्यासमोर घडलेलं सांगतो. एका जागी सेन्सर होता, मीटर होता, रिलेपासून हूटरपर्यंत, म्हणजे भोंग्यापर्यंत वायर होती, सगळं ड्रॉइंगप्रमाणे. शटडाऊनमध्ये पॅनल उघडलं तर इनकमरच्या, म्हणजे जिथून वीज पॅनलमध्ये येते त्या स्विचच्या, एका फेजचं लग (केबलच्या टोकाचा धातूचा तुकडा) काळं पडलेलं, केबलचं इन्सुलेशन कडक होऊन हाताने तुकडे पडत होते. मीटरच्या हिस्टरीमध्ये टेम्परेचर लिमिटच्या वर गेल्याची नोंद होती, रिले पण उचलला होता, हूटर मात्र एकदाही वाजला नव्हता. शोधत शोधत रिलेच्या टर्मिनलवर आलो, वायर ओढून बघितली तर पक्की, हलत पण नाही. स्क्रू सैल केला तेव्हा कळलं, स्क्रू तांब्यावर नाही, पीव्हीसीवर कसलेला होता, इन्सुलेशन कमी सोललं होतं आणि तांबं टर्मिनलला लागतच नव्हतं. बसवल्या दिवसापासून ते सर्किट तुटलेलं होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं, कारण जोडणी अशी होती की अलार्म आला तरच सर्किट चालू होणार. म्हणजे सगळं ठीक असताना आणि वायर तुटलेली असताना बाहेरून दिसायला एकच, शांतता.

म्हणून माझं कळकळीचं म्हणणं हे आहे की अलार्मची जोडणी उलटी करा. मीटरच्या सेटिंगमध्ये सोय असेल तर रिले नॉर्मलला उचललेला ठेवायचा, त्याच्या कॉमन आणि एनओमधून (एनओ म्हणजे रिले उचलला की जोडला जाणारा कॉन्टॅक्ट), जे अशावेळी जोडलेले असतात, कंट्रोल रूममधल्या एका छोट्या रिलेची कॉइल चालू ठेवायची आणि त्या रिलेच्या एनसीवर, म्हणजे रिले पडला की जोडल्या जाणाऱ्या कॉन्टॅक्टवर, हूटर घ्यायचा. मग टेम्परेचर वाढलं तरी हूटर वाजणार, वायर तुटली तरी वाजणार, मीटरचा सप्लाय गेला तरी वाजणार, आणि कोणी इन्सुलेशनवर स्क्रू कसला तर पहिल्याच दिवशी बोंबलणार. फक्त हूटरचा सप्लाय मीटरच्याच फ्यूजवरून घेऊ नका, नाहीतर एक फ्यूज उडाला की दोघंही गप्प. आणि मीटरचा आउटपुट खरा रिले आहे की सेमीकंडक्टर ते आधी बघा, सेमीकंडक्टर काही मिलिअँपिअरचाच असू शकतो, त्यावर सरळ कॉन्टॅक्टर (मोठा पॉवर रिले) टाकला तर गेलाच. मध्ये छोटा रिले घालायचा, कॉइल बंद होताना येणारा व्होल्टेजचा झटका शोषायला, ती डीसी असेल तर डायोड, एसी असेल तर आरसी स्नबर लावायचा.

सेन्सरच्या बाजूला पण असाच घोळ होतो. पीटी-१०० हा टेम्परेचरप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर, शून्य डिग्रीला १०० ओहम आणि १०० डिग्रीला १३८.५ ओहम, एका डिग्रीला जेमतेम ०.३८५ ओहम. आता अर्धा स्क्वेअर एमएमची वायर २५ मीटर लांब टाकली तर जाऊन-येऊन ५० मीटरचे साधारण १.८ ओहम होतात, म्हणजे दोन वायरच्या जोडणीत मीटर साडेचार-पाच डिग्री जास्त दाखवणार. तुम्ही म्हणाल जास्तच दाखवतोय ना, चांगलंच आहे. पण होतं असं की अलार्म उगाच वाजतो म्हणून शिफ्टमधला कोणीतरी वैतागून लिमिट वाढवतो, आणि नंतर ते खाली आणायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही. तीन वायर टाका, दोन लाल एक पांढरी, तिन्ही एकाच जाडीच्या. काही जण दोनच वायर आणतात आणि मीटरवर तिसऱ्या टर्मिनलला जंपर मारतात, त्याने आकडा दिसतो पण वायरची चूक तशीच राहते. मीटरला दोनच टर्मिनल असतील आणि तो पीटी-१००० (शून्य डिग्रीला १००० ओहमचा सेन्सर) घेत असेल तर तो लावा, वायरची चूक दहा पटीने कमी होते. शील्डेड केबल घ्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, पॉवर केबलच्या ट्रेमधून नेऊ नका.

उघड्या बसबारवर साधा सेन्सर चिकटवायचा नाही, हे तर जीवावरचं आहे, तिथे त्या व्होल्टेजसाठी बनवलेला इन्सुलेटेड सेन्सरच पाहिजे. आणि चालू पॅनलमध्ये हे काम करायला जाऊन कोणी मीटरच्या सीटीच्या, म्हणजे मोठा करंट कमी करून मीटरला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, वायरला हात लावला आणि सेकंडरी उघडी राहिली तर तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. आधी सीटीच्या दोन्ही वायर एकमेकींना जोडणारी शॉर्टिंग लिंक लावा, त्याहून चांगलं म्हणजे शटडाऊन घ्या.

लिमिट किती ठेवायचं हे पण अंदाजाने नको. पीव्हीसी केबलचं तांबं ७० डिग्रीपर्यंत, एक्सएलपीई इन्सुलेशनच्या केबलचं ९० पर्यंत चालतं, लगवरचा अलार्म त्याच्या आत पाहिजे.

आमच्याकडे मुलं टेस्ट करताना मीटरच्या मेनूत जाऊन रिले ऑन करतात, हूटर वाजला की सही. त्याने सेन्सर आणि त्याची वायर टेस्ट होतच नाही. मी आता सेन्सर काढून त्याच्या टोकाला रेझिस्टन्स बॉक्स (हवा तेवढा रेझिस्टन्स देणारी पेटी) लावतो, १३८.५ ओहम ठेवले की मीटरवर १०० डिग्री यायला पाहिजे, मग एक वायर काढून बघतो की सेन्सर तुटल्याचा पण अलार्म येतो का, कारण काही मीटरमध्ये तो वेगळा चालू करावा लागतो. यात एका पॅनलला अर्धा तास जातो.

तुमच्या वार्ताहरांना एक विनंती आहे, पुढच्या वेळी अशी बातमी करताना तिथल्या लोकांना एवढंच विचारा की टेम्परेचरचा अलार्म होता का, तो सेन्सरच्या टोकापासून शेवटचा कधी टेस्ट केला होता, आणि जे उत्तर येईल ते छापा.

आपला,
पॅनलवर काम करणारा एक वाचक